रूळ कागदावर, झाडी डोंगरावर: जुना स्थलनिर्देशक नकाशा वाचायचा कसा?

माझा भाचा अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. गेल्या पानगळीत तो मित्रांबरोबर वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅस नावाच्या गावी वाफेच्या गाडीत बसायला गेला आणि तिथून त्याने मला दोन फोटो पाठवले. पहिला एका जुन्या नकाशाचा होता. त्यावर काळी, आडव्या टिचक्या मारलेली रेल्वेची रेघ डोंगरात शिरत होती. दुसऱ्या फोटोत नुसती गच्च झाडी. खाली प्रश्न होता, "मामा, नकाशात इथे रेल्वे आहे. दोन तास चाललो, एक रूळ दिसला नाही. नकाशा चुकीचा आहे का?"

फोनवर उत्तर द्यायला घेतलं आणि ते लांबतच गेलं. हाच प्रश्न वेगवेगळ्या वेशात आपल्याकडेही सारखा येतो. पूररेषेचा वाद असो, वनजमिनीचा असो की "इथून पूर्वी वाट होती" असा गावकीतला तंटा असो, कुणीतरी जुन्या नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकतं आणि तोच शेवटचा पुरावा असल्यासारखं सगळे बोलू लागतात. नकाशा सहसा खोटं बोलत नाही. तो कुठल्या सालचं बोलतोय ते आपण विचारत नाही, घोळ तिथे होतो.

आधी भातखाचरं आठवा

शाळेच्या भूगोलात याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात, पुढे कॉलेजात सगळे टोपोशीट म्हणू लागतात. गावं, रस्ते, नद्या यांच्याबरोबर जमिनीचा चढउतारही सपाट कागदावर दाखवणारा हा नकाशा. चढउतार दाखवतात तो समोच्च रेषांनी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांनी.

कोकणात किंवा मावळात उतारावरची भातखाचरं पाहिली असतील तर या रेषा तुम्ही पाहिल्याच आहेत. खाचरात पाणी उभं राहायला हवं म्हणून बांध एका पातळीत, डोंगराच्या अंगाने वळत जातो. वरच्या टेपावरून पाहिलं की बांधांच्या वळणावळणाच्या रेषा दिसतात. उतार सौम्य असेल तिथे खाचरं रुंद आणि बांध लांब लांब, चढ उभा असेल तिथे खाचरं अरुंद आणि बांध एकमेकांना खेटून. नकाशावरही अगदी तसंच. रेषा दाटल्या की कडा, पांगल्या की पठार. दोन लगतच्या रेषांमधलं उंचीचं अंतर संपूर्ण पत्र्यावर, म्हणजे नकाशाच्या त्या एका कागदावर, एकच असतं आणि ते खाली छापलेलं असतं.

अमेरिकेत हे काम तिथल्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने केलं. हे खातं १८७९ साली स्थापन झालं. आपलं भारतीय सर्वेक्षण खातं त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीचं, १७६७ सालचं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाजलेला पत्रा म्हणजे 'पंधरा मिनिटांचा'. इथे मिनिट घड्याळाचं नाही, अंशाचा साठावा भाग. अक्षांश-रेखांश दोन्हीकडून पंधरा पंधरा मिनिटांचा चौकोन एका कागदावर. कॅसच्या अक्षांशावर तो उभा साधारण २८ किलोमीटर आणि आडवा २२ किलोमीटर भरतो. प्रमाण १:६२,५००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे ६२५ मीटर. आपल्याकडचे जुने 'एक इंचाला एक मैल' पत्रे १:६३,३६० प्रमाणाचे होते, म्हणजे जवळपास तेच. आताचे आपले १:५०,००० आहेत.

रंग सुरुवातीला तीनच होते. माणसाने केलेलं सगळं काळं, पाणी निळं, चढउतार तपकिरी. हे तीन रंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

लाकडासाठी वसलेलं गाव

ॲपलाचियन पर्वतरांगेत, पोकाहॉन्टस काउंटीत ग्रीनब्रायर नदीच्या काठी कॅस आहे. त्याच्या पाठीमागचा डोंगर म्हणजे बॅक ॲलेघेनी. वर थंडी आणि ढग, म्हणून तिथे रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं जंगल वाढलं. स्प्रूसचा धागा लांब, कागदाच्या लगद्याला उत्तम. अडचण एकच: झाडं वर, गिरण्या खाली आणि मध्ये उभा डोंगर.

१९०० साल संपता संपता चेसापीक अँड ओहायो कंपनीची रेल्वे नदीकाठाने कॅसपर्यंत आली. १९०१ पासून वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने तिथून डोंगरावर स्वतःचे रूळ चढवायला घेतले. खाली सॉ मिल, कामगारांची एकसारखी पांढरी लाकडी घरं आणि कंपनीचंच दुकान. गावाला नावसुद्धा कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या आडनावावरून पडलं. डोंगराच्या पलीकडे शेव्हर्स फोर्क नदीच्या उगमाकडे, सुमारे ३,८५० फुटांवर, स्प्रूस नावाचं दुसरं गाव वसवलं. त्याला रस्ताच नव्हता. माणूस असो, पिठाचं पोतं असो की टपाल, जे यायचं ते रेल्वेने.

नकाशावर स्प्रूस शोधायला मजा येते. काळ्या चौकोनी ठिपक्यांची, म्हणजे घरांची, एक ओळ आणि तिला चिकटलेली रुळांची रेघ. बाकी सगळीकडे तपकिरी रेषांचं रान. आपल्याकडच्या पत्र्यावर गाव दिसलं की निदान चार पायवाटा तरी त्यात शिरताना दिसतात.

तिथली नावं कळायला चार शब्द पुरतात. 'रन' म्हणजे ओढा. 'फोर्क' म्हणजे नदीची शाखा. 'हॉलो' म्हणजे दोन सोंडांमधली घळ. 'नॉब' म्हणजे गोलसर माथा. या रुळांच्या वरच्या टोकाला जो माथा आहे तो बाल्ड नॉब, टकल्या डोंगर, उंची ४,८४२ फूट. नाळ, सोंड, माची, खिंड या आपल्या शब्दांनी जसा सह्याद्री उलगडतो, तसाच तो डोंगर या शब्दांनी.

पट्टी घ्या आणि चढ मोजा

नकाशावरून रेल्वेचा चढ मोजता येतो आणि त्याला शाळेची पट्टी पुरते. समजा समोच्च रेषांमध्ये ५० फुटांचं अंतर आहे. रुळांची रेघ एक समोच्च रेषा ओलांडते तिथपासून पुढची ओलांडते तिथपर्यंत कागदावर किती अंतर आहे, तेवढं पाहायचं.

भोर घाटात सर्वांत उभा चढ ३७ फुटांना एक फूट. या प्रमाणाच्या नकाशावर तिथे समोच्च रेषा दर नऊ मिलिमीटरला ओलांडली जाईल. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ वीसला एक, म्हणजे सुमारे पाच मिलिमीटर. कॅसच्या डोंगरावर काही ठिकाणी चढ शंभराला अकरा, म्हणजे साधारण नऊला एक. तिथे हे अंतर भरतं जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. रुळांची काळी रेघ तपकिरी रेषांमधून जवळजवळ सरळ वर घुसताना दिसते. रेल्वेच्या नकाशाची सवय असलेल्या डोळ्याला ती छपाईची चूक वाटावी.

गाडी चढायची कशी? त्यासाठी इंजिनच वेगळं होतं. इफ्राइम शे नावाच्या मिशिगनमधल्या लाकूडवाल्याने १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या दांड्यांनी मोठी चाकं फिरवतो. शे इंजिनात दट्टे एका बाजूला उभे असतात. ते एक लांब दांडा फिरवतात आणि तो दांडा दातेरी चक्रांतून सगळ्या चाकांना जोर देतो. कुंभार्ली घाटात एसटीचा ड्रायव्हर पहिल्या गिअरवर येतो तेव्हा वेग जातो, ताकद येते. हे इंजिन जन्मभर पहिल्याच गिअरमध्ये. माणसाच्या चालीने जायचं पण लाकडाने लादलेले डबे ओढायचं. कॅसचं पाच नंबरचं शे इंजिन १९०५ साली बांधलेलं आहे आणि भाचा त्याच्याच गाडीत बसला होता. "मामा, कोळशाची काजळी चहात पडली," असंही त्याने कळवलं होतं.

नकाशावर आणखी एक खूण दिसते. रेघ चढत चढत जाते आणि अचानक थांबते, पण त्याच टोकापासून दुसरी रेघ उलट्या दिशेने वर निघते. आडवा पडलेला 'झेड' म्हणा. गाडी टोकापर्यंत जाते, मागचा सांधा बदलतात आणि पुढचा टप्पा ती उलटी चालत चढते. १८६३ साली भोर घाट उघडला तेव्हा खंडाळ्याअलीकडे नेमकी हीच युक्ती होती, रिव्हर्सिंग स्टेशन. फरक इतकाच की तिथे इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत.

मग बाकीचे रूळ गेले कुठे?

आता भाच्याचा प्रश्न. कॅसपासून बाल्ड नॉबपर्यंतची अकरा मैलांची मुख्य वाट आजही आहे. तो मात्र शोधत होता नकाशावरचा एक बारका फाटा.

लाकूडतोडीच्या रेल्वेचं गणित प्रवासी रेल्वेपेक्षा निराळं. आपल्या डोक्यात रेल्वे म्हणजे शंभर-दीडशे वर्षं टिकणारी गोष्ट. लाकूडवाल्यांचा फाटा म्हणजे मांडवाचे बांबू. एका घळीतली झाडं संपेपर्यंत रूळ ठेवायचे, मग उखडून पुढच्या घळीत टाकायचे. खडी जेमतेम, स्लीपर जिथल्या तिथे तोडलेल्या लाकडाचे, ओढ्यावर ओंडक्यांचा पूल. लोखंड महाग, म्हणून ते परत नेलं जाई. मागे राहिली फक्त डोंगराच्या कुशीत खोदलेली आठ-दहा फूट रुंद सपाट पट्टी.

आणि मोजणीवाला? तो प्लेन टेबल, म्हणजे तिवईवरचा सपाट फळा, घेऊन एखाद्या उन्हाळ्यात तिथून गेला. दुर्बीण रोखून काही ठिकाणांची उंची-अंतरं पक्की केली आणि मधल्या समोच्च रेषा समोरचा डोंगर पाहत हाताने काढल्या. त्याला त्या उन्हाळ्यात जे रूळ दिसले ते त्याने काढले. आदल्या वर्षी उखडलेले त्याला दिसले नाहीत, पुढच्या वर्षीचे अजून टाकलेले नव्हते. म्हणून अशा मुलखाच्या नकाशात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: आहे म्हणून दाखवलेलं आज नसतं आणि कितीतरी गोष्टी होत्या पण दाखवलेल्याच नाहीत.

नंतरच्या, मोठ्या प्रमाणाच्या पत्र्यांवर अशा काही पट्ट्या 'ओल्ड रेलरोड ग्रेड' असं लिहून तुटक रेघेने दाखवलेल्या असतात. भाच्याला मी ते शोधायला सांगितलं. तो दोन तास ज्या 'मस्त सपाट पायवाटेने' चालला होता, ती वाट हीच होती. रुळांच्या जागेवरूनच तो रूळ शोधत होता! उभ्या डोंगरात विनाकारण एवढी एकसारखी, संथ चढाची वाट माणसं किंवा गुरं पाडत नाहीत. गुरांची वाट पाहा, ती खडकाला वळसा घालते. रेल्वेची खडक फोडून जाते.

छापल्याचं साल म्हणजे मोजणीचं साल नव्हे

सर्वांत जास्त फसगत इथे होते. जुन्या पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन-तीन सालं असतात: मोजणी केव्हा झाली, आवृत्ती केव्हाची, पुन्हा केव्हा छापला. लोक सर्वांत ठळक साल वाचतात आणि बहुतेकदा ते छपाईचं असतं. तांब्याच्या पट्टीवर एकदा कोरलेला नकाशा वीस वर्षांनी पुन्हा छापला तरी आतला मजकूर वीस वर्षांपूर्वीचाच.

घरचं उदाहरण घ्या. भोर घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं, नवी वाट काढली. समजा १९२५ च्या मोजणीवरचा पत्रा १९४० साली पुन्हा छापला, तर १९४० च्या कागदावर अकरा वर्षांपूर्वी बंद झालेलं स्टेशन ठणठणीत दिसेल. उद्या कुणी तो कागद दाखवून "चाळीस सालापर्यंत होतं" म्हणाला, तर त्याला कोपरा वाचायला सांगा.

अमेरिकन पत्र्यांवर पुढे जांभळा रंग आला. हवाई छायाचित्रावरून केलेली दुरुस्ती, जमिनीवर जाऊन न तपासलेली, ती जांभळ्यात. एवढा प्रामाणिकपणा आपल्या सरकारी कागदात असता तर काय बहार आली असती.

हिरवा रंग नाही, म्हणजे जंगल नव्हतं?

सुरुवातीच्या बहुतेक पत्र्यांवर तीनच रंग, हे वर सांगितलंच. हिरवा नंतर आला. त्यामुळे लाकडाने गजबजलेल्या मुलखाचा नकाशा पाहावा, तर त्यावर झाड म्हणून नाही. पांढऱ्या कागदावर तपकिरी रेषा आणि काळे रूळ. कुणी म्हणेल, डोंगर तेव्हाच बोडका होता. तसं अनुमान निघत नाही, त्या नकाशाला जंगलाबद्दल काही म्हणायचंच नव्हतं.

उलट बाजूही तितकीच फसवी. नंतरच्या पत्र्यावरचा हिरवा रंग म्हणजे मूळ जंगल नव्हे. तोडीनंतर आलेलं झुडपी रानही हिरवंच छापलं जाई. कॅसच्या डोंगरावर आज जे हिरवं आहे ते बहुतांशी तोडीनंतर पुन्हा वाढलेलं.

आपल्याकडे हा मुद्दा थेट कोर्टापर्यंत जाऊ शकतो म्हणून जरा ठासून सांगतो. टोपोशीटवरचा हिरवा रंग म्हणजे मोजणीच्या वेळी तिथे झाडी दिसली, एवढंच. जमीन कायद्याने वन आहे की नाही हे अधिसूचना आणि महसुली नोंदी ठरवतात. मालकीचंही तसंच. सातबारा, गटनंबर, बांधाची हद्द यांतलं काही या नकाशात नसतं. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी वेगळी. सेंटिमीटरला ६२५ मीटर असलेल्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर तीस मीटर. त्यावरून चुलतभावाशी बांधावरून भांडायचं नसतं.

आजच्या नकाशावर ठेवला तर सगळं सरकलेलं का दिसतं?

पृथ्वी पूर्ण गोल नाही, थोडी चपटी आहे. किती चपटी आणि मोजायला सुरुवात कुठून करायची, हे काळानुसार वेगवेगळं मानलं गेलं. मोजण्याच्या या मूळ चौकटीला डेटम म्हणतात. शिंप्याने माप घेताना टेपचं टोक कधी खांद्याच्या शिवणीवर धरावं, कधी गळ्याशी, तसं. अमेरिकेत १९२७ ची चौकट आणि आताची यांत दहा ते शंभर मीटरचा फरक पडतो, त्याआधीचे पत्रे आणखी वेगळ्या चौकटीतले. त्यामुळे मोबाइलच्या नकाशावर जुना पत्रा डोळे झाकून चिकटवला की ओढा सरकलेला दिसतो. ओढा बहुतेक वेळा जागेवरच असतो.

मोबाइलवरून आठवलं: पडद्यावर नकाशा मोठा केला की 'एक सेंटिमीटरला इतके मीटर' हे प्रमाण बाद. तेव्हा खाली काढलेल्या रेखाप्रमाणावरूनच मोजायचं. वळणाच्या वाटेला दोरा लावायचा आणि दोरा त्या प्रमाणावर धरायचा. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला आम्ही दोरा किंचित ओला करायचो, म्हणजे तो कागदावर वळणाला चिकटून राहायचा. वही मात्र कायमची सुरकुतायची.

एवढं करून हाती काय लागतं?

कॅसच्या नकाशावर निळ्या रेघांवर बोट ठेवून चाला. डोंगराच्या पूर्वेचं पाणी कॅसवरून ग्रीनब्रायरमध्ये जातं. पश्चिमेचं पाणी, स्प्रूस गावाकडचं, शेव्हर्स फोर्कमधून चीटमध्ये आणि चीटमधून मोनोंगाहेलात. मोनोंगाहेला जाते थेट पिट्सबर्गला, भाच्याच्या घराखालून. मार्च १९०७ मध्ये तिला मोठा पूर आला आणि उगमाकडचे डोंगर बोडके केल्याचा हा परिणाम आहे, अशी ओरड झाली. तोडीनंतर पडलेल्या फांद्यांना इंजिनाच्या ठिणग्यांनी आगी लागत होत्या. काही डोंगरांवर त्या इतक्या खोल गेल्या की माती जळून खडक उघडा पडला.

१९११ मध्ये वीक्स कायदा झाला. नद्यांच्या उगमाकडची खासगी जमीन विकत घेण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. १९२० मध्ये मोनोंगाहेला राष्ट्रीय वन जाहीर झालं. तोडून संपलेल्या जमिनी सरकारने घेतल्या आणि झाडांना परत येऊ दिलं. कॅसची सॉ मिल १९६० मध्ये बंद पडली, राज्याने रूळ आणि इंजिनं घेतली आणि १९६३ पासून त्यांवर पर्यटक बसू लागले. नदीकाठची मुख्य रेल्वेही पुढे बंद झाली. तिच्या जागेवर आता ७८ मैलांची सायकलवाट आहे. अलीकडच्या पत्र्यावर तीच वळणं आहेत, फक्त टिचक्या गेल्यात.

वनसंवर्धक, पूर अभ्यासक, आजोबांचं गाव शोधणारे लोक, असे सगळे आता हे जुने पत्रे वापरतात. एक नवी जोडही मिळाली आहे. विमानातून लेसर किरण सोडून झाडीखालच्या जमिनीची उंची मोजतात, त्याला लायडार म्हणतात. संगणकावर झाडं पुसून टाकली की उघड्या डोंगरावर उखडलेल्या फाट्यांच्या पट्ट्या ओरखड्यांसारख्या दिसतात, मोजणीवाल्याने न काढलेल्यासुद्धा.

अमेरिकेच्या खात्याने १८८४ पासूनचे पावणेदोन लाखांहून अधिक जुने पत्रे स्कॅन करून फुकट ठेवले आहेत. आपल्याकडे सीमेजवळच्या आणि किनाऱ्यालगतच्या पत्र्यांवर वर्षानुवर्षं बंधनं होती. २००५ च्या नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी खुली मालिका केली, २०१७ पासून तिचे पत्रे उतरवून घेता येऊ लागले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. पण ते आजचे पत्रे. इंग्रजी अमदानीतला आपल्या तालुक्याचा पत्रा हवा असेल तर अजूनही ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि त्यातलेही बरेच परदेशी ग्रंथालयांनी स्कॅन केलेले सापडतात. मला याची चीड येते.

परवा भाच्याचा पुन्हा फोटो आला. त्याच वाटेवर पाचोळ्यात रुतलेला, गंजून फुगलेला एक मोठा खिळा. रूळ स्लीपरला ठोकतात तो. "घेऊन येऊ का?" त्याने विचारलं. म्हटलं, नको रे, सरकारी वनातली जुनी वस्तू उचलायची नसते. जागा नकाशावर खूण करून ठेव आणि खुणेखाली आजची तारीख लिही.